दोन जिने चढून गेलो आणि पहिलंच वाक्य ऐकलं, "हा कागद तुमच्या कामाचा नाही"

चिंचवडच्या एका वकील मॅडमच्या ऑफिसला माझे पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो जिन्यासाठी, त्याचं नंतर सांगतो.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), सात माणसं. वय 63. सगळा कारभार माझ्या एकट्याच्या नावावर. करंट खातं माझं, जीएसटी माझ्या नावाने, चेकवर सही माझी, ओटीपी माझ्याच फोनवर. तीस वर्षांत यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं, कुणाला विचारायला नको.

मग मागच्या वर्षी कऱ्हाडला दादाला अर्धांगाचा झटका आला. थोरला भाऊ, 71 वर्षांचा. तीन आठवडे आयसीयूत, त्यातले पहिले अकरा दिवस शुद्धच नाही. दादा आमच्यातला सगळ्यात हिशेबी माणूस. थोरल्या मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारी पॉवर ऑफ ॲटर्नी, त्याने आधीच करून ठेवलं होतं, नोटरीच्या सही-शिक्क्यासकट. पुतण्या तो कागद घेऊन एफडी मोडायला बँकेत गेला. अधिकाऱ्याने कागद नीट वाचला आणि विचारलं, "वडील कसे आहेत आता?" पोरगं सरळ. म्हणालं, "बेशुद्ध आहेत, म्हणून तर आलोय." अधिकाऱ्याने कागद परत दिला. म्हणाला, ते शुद्धीवर आले की या.

हॉस्पिटलचं बिल मी आणि वहिनींच्या भावाने मिळून भरलं. वहिनी पाटल्या काढून द्यायला निघाल्या होत्या, त्या आम्ही घेतल्या नाहीत. त्या रात्री कऱ्हाडहून येताना खंबाटकीपाशी मी त्या बँकेचा मनसोक्त उद्धार केला. त्यातला अर्धा आता परत घेतो. का, ते या ऑफिसात कळलं.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? मोबाईलवर शोधून एका वेबसाईटवरून 499 रुपयांत मुखत्यारपत्र उतरवून घेतलं. नाव भरा, आधार भरा, छापा. सहा पानं, इंग्रजी झोकात. त्यातलं चौदावं कलम वाचून तर मी खूशच झालो. मी आजारपणाने, अपघाताने किंवा वयोमानाने असमर्थ झालो तरी हा अधिकार चालू राहील, असा त्याचा अर्थ होता. म्हटलं, दादाच्या कागदात हेच एक वाक्य राहिलं असणार. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "499 मध्ये?" तिला अशा बाबतीत वास येतो.

आमच्या सीएने या वकील मॅडमचा नंबर दिला. ऑफिस चिंचवडला, जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारचीच वेळ मागितली आणि मिळाली. मॅडम पंचेचाळिशीच्या असतील. टेबलावर एक पेन्सिल, एक फुटपट्टी आणि सुपारीचा डबा. माझी सहा पानं त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचली, घाई केली नाही. चौदाव्या कलमाला पेन्सिल थांबली.

"काका, हे वाक्य इथलं नाही."

आणि फुटपट्टी लावून त्यांनी ते खोडलं. मला आमच्या शॉपमधलं गो-नोगो गेज आठवलं. जॉब वरून कितीही चकचकीत असो, गेजचं 'गो' टोक बोअरमध्ये, म्हणजे भोकात, जायला हवं आणि 'नोगो' टोक अडकायला हवं; 'नोगो' आत गेलं तर जॉब भंगारात.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. मुखत्यारपत्र म्हणजे मी नेमलेला माझा माणूस. 1872 सालचा आपला करार कायदा आहे, त्याचं 201 कलम सांगतं की नेमणारा मेला किंवा त्याची मती गेली, की नेमणूक तिथेच संपते. मुखत्यारपत्रांचा म्हणून 1882 चा वेगळा कायदा आहे, त्यात याला पळवाट नाही. एक अपवाद आहे, ज्याला नेमलं त्याचाच त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल तर. कर्ज देणाऱ्याला तारणाची वस्तू विकायचा अधिकार दिलेला असतो, तसलं काहीतरी. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला दिलेल्या कागदाला तो लागू पडत नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण छत्री विकत घेतो, नेमक्या त्याच दिवशी ती मिटते.

"मग हे वाक्य छापतात कसं?" मी विचारलं.

"इंग्लंड-अमेरिकेचे नमुने असतात, तसेच उचलतात. तिकडे चालतं."

हे खरं निघालं. आमची मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिला रात्री व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मी तर माझं केलंय." तिकडे त्याला फोरझोर्गेफोलमाख्ट म्हणतात. (हा शब्द तिने मला चारदा म्हणून दाखवला. मी पाचव्यांदा नाद सोडला.) आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचं आणि शुद्ध गेल्यावर तो कागद कामाला लागायचा, हाच त्याचा हेतू. तिथल्या नोटरींच्या संस्थेचं मध्यवर्ती रजिस्टर आहे, त्यात नोंदवताही येतं. बत्तीस वर्षांच्या पोरीने ते करून ठेवलंय आणि मी तीस वर्षं सात माणसांचा पगार एका सहीवर चालवतोय.

"पण लोक चालवतातच की. माणूस बेशुद्ध आहे हे बँकेला सांगायचंच कशाला?" असंही मी विचारून घेतलं. असे सल्ले चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. मॅडम म्हणाल्या, "चालतं तोवर चालतं. भावकीतल्या एकाने हरकत घेतली, की वडील बेशुद्ध असताना काढलेल्या एकेका रुपयाचा हिशेब तुमच्या पुतण्याला कोर्टात द्यावा लागेल. त्याला त्यात घालायचंय का तुम्हाला?" मी गप्प बसलो.

मग माणूस कोमात गेला तर बायकोने करायचं काय? याचं उत्तर ऐकून मला घाम फुटला. उच्च न्यायालयात रिट अर्ज. घटनेच्या 226 व्या कलमाखाली न्यायालय बायकोला किंवा मुलाला पालक नेमतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश बऱ्याचदा दिलेत. केरळच्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यासाठी कार्यपद्धतीही घालून दिली, वैद्यकीय तपासणी, मालमत्तेची यादी, हिशेब वगैरे. पण कोमातल्या माणसासाठी म्हणून संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. 2017 च्या नव्या कायद्यात ती आलीच नाही. नव्या कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो, तो फक्त मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. पैशाला त्याचा हात लागत नाही.

इथे एखादा वकील म्हणाला असता, ठीक आहे, पाच हजार द्या, करून देतो तुमचं मुखत्यारपत्र. मी पैसे घेऊनच गेलो होतो. या बाईंनी त्या दिवशी एकही कागद विकला नाही. पाऊण तास प्रश्न विचारले, हजार रुपये सल्ल्याचे घेतले आणि घरचा अभ्यास देऊन पाठवलं. मी चार तारे देतोय त्यातले तीन या पाऊण तासाचे.

घरचा अभ्यास म्हणजे यादी. कुठलं खातं, कुणाच्या नावावर, सही कशी लागते, नॉमिनी कोण. करायला बसलो तेव्हा कळलं की घरात एकूण नऊ ठिकाणी पैसा आहे आणि बायकोला त्यातली चार ठाऊक. नॉमिनी सगळीकडे तीच. मी फुशारकीने तसं सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, नॉमिनी मेल्यानंतर उपयोगाचा, जिवंतपणी त्याला काही विचारत नाहीत. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, ते लावा जरूर. पण आपला प्रश्न त्याने सुटत नाही. आपला प्रश्न मधल्या काळाचा आहे, माणूस आहे आणि सही नाही.

मधल्या काळासाठी त्यांनी जे बसवून दिलं ते एकदम साधं होतं. बचत खाती आणि एफडी दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी एक किंवा हयात असलेला' या पद्धतीवर. हे आमचं अर्धं होतंच. पण त्यात एक खाच होती, जी मला बँकेतल्या कुणी वीस वर्षांत सांगितली नव्हती. या पद्धतीच्या एफडीचे पैसे मुदत संपल्यावर कुणाही एकाच्या सहीने मिळतात. मुदतीआधी मोडायची असेल तर दोघंही हयात असताना दोघांच्या सह्या मागू शकतात. म्हणजे मी अंथरुणाला खिळलो तर बायको आमचीच एफडी मोडू शकणार नाही. माझी सगळ्यात मोठी एफडी पाच वर्षांची होती, व्याज अर्धा टक्का जास्त म्हणून. आता तिचे सहा तुकडे केलेत, दर दोन महिन्यांनी एक पिकतो. अर्धा टक्का गेला तर जाऊ दे.

शॉपचं काम जास्त किचकट निघालं आणि मॅडमचं खरं कसब तिथे दिसलं. प्रोप्रायटरशिप म्हणजे मीच धंदा. मी आडवा, धंदा आडवा. धाकटा पुतण्या, दादाचाच दुसरा मुलगा, नऊ वर्षं माझ्याकडे सुपरवायझर आहे. त्याला भागीदार घ्या म्हणाल्या, दहा टक्के द्या, बँकेत दोघांना स्वतंत्र सहीचा अधिकार द्या. एक भागीदार वेडा झाला तरी 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्म आपोआप मोडत नाही, कुणीतरी कोर्टात जाऊन मागणी करावी लागते. तोवर पगार होत राहतात, जीएसटीचं रिटर्न 20 तारखेला भरलं जातं. किंमत अशी की पॅन नवा, जीएसटी नंबर नवा, सगळ्या गिऱ्हाइकांकडे व्हेंडर कोड बदलायची विनवणी. यात अडीच महिने गेले. एका गिऱ्हाइकाने तेवढ्यात दोन बिलं अडकवली. ते मॅडमच्या खात्यावर मांडत नाही.

खाजगी ट्रस्टचंही त्यांनी सांगितलं. मालमत्ता ट्रस्टमध्ये घातली तर आपण शुद्धीत असू-नसू, विश्वस्त कारभार बघतो. मग माझ्या यादीकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या पसाऱ्याला हे म्हणजे चिमणीला हौदा." आवडलं मला.

मग मुखत्यारपत्र केलंच नाही का? केलं. दोन केली. मती शाबूत आहे पण शरीर साथ देत नाही, पाय मोडलाय, ऑपरेशन आहे, मुलीकडे सहा महिने गेलोय, अशा वेळी ते पूर्ण चालतं. एक बायकोला, एक पुतण्याला शॉपपुरतं. मसुदा मराठीत, साडेतीन पानं. काय करता येईल यापेक्षा काय करता येणार नाही ते जास्त: राहतं घर विकायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही, कर्ज काढायचं नाही, जामीन राहायचं नाही, दर तीन महिन्यांनी हिशेब बायकोला दाखवायचा. रद्द करायचं झालं तर काय करायचं तेही लिहिलंय. नुसता कागद फाडून भागत नाही, मुखत्याराला आणि जिथे जिथे प्रत दिली त्या प्रत्येक बँकेला लेखी कळवायचं.

मुलीच्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र माझ्या नावाने आधीपासून आहे. ते बघून त्यांनी विचारलं, "आणि तुम्हालाच काही झालं तर?" ते कुणाच्या डोक्यात आलं होतं! आता त्यात मी आणि बायको, 'एकत्र किंवा स्वतंत्रपणे' असे दोघं. पोरीने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकित केलं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टँप भरला.

सहीच्या आधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. मॅडमनी बायकोला आणि पुतण्याला बाहेर बसवलं, दार लावलं आणि मला विचारलं, "काका, हे कुणी करायला लावलंय का? पुतण्याचं घरात कुणाशी काही?" मला राग आला. तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे विचारतात. मग म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच विचारते. एका आजोबांनी याच खुर्चीत बसून सही करायची नाही असं म्हटलं होतं, मुलगा बाहेर बसलेला." नंतर बायकोलाही एकटीला आत घेतलं. ती आत काय बोलली ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून शुद्धीचं प्रमाणपत्रही सहीच्याच तारखेचं मागवलं, आदल्या दिवशीचं चालवून घेतलं नाही.

लिव्हिंग विलचा, म्हणजे बरं व्हायची आशा नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा, विषय त्यांनीच काढला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली, 2023 मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बायकोने लगेच केलं. मी अजून त्या कागदांचं पाकीट उघडलेलं नाही.

आता तक्रारी. मसुद्यात बायकोचं नाव आधारवर आहे त्यापेक्षा वेगळं टाईप झालं होतं, मधलं नाव माहेरचं. मी दोनदा वाचूनही सुटलं, तिला पहिल्याच ओळीत दिसलं. ज्युनिअर मुलगा हुशार आहे पण फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला "सर उद्या नोटरी" असा मेसेज टाकतो. एकूण फी 14,000 झाली, स्टँप, नोटरी, नोंदणी वेगळी. भागीदारीचे कागद सीएने केले, त्याचे पैसे वेगळे. स्वस्त नाही, महागही म्हणणार नाही.

आणि जिना. यांच्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एका बाजूला हलतो. हातपाय चालत नाहीत अशांची सोय लावणारं ऑफिस चालत्या पायांनाच गाठता येतं. एक तारा तिथे गेला.

बँकेचा अर्धा उद्धार का परत घेतला ते राहिलंच. मुखत्यारपत्र नाकारलं ते कायद्याने बरोबर होतं. उरलेला अर्धा मी ठेवलाय, कारण पुढची गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मॅडमनी सांगितली. खातेदार शुद्धीत आहे पण सही करू शकत नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे अंगठा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, बँकेच्या ओळखीतले, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते. दादा तोवर घरी आला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, समजतं मात्र सगळं. पुतण्याने तसं लेखी पत्र दिलं, त्यावर आठव्या दिवशी मॅनेजर स्वतः घरी आले. दादाने डावा अंगठा उठवला आणि मग डाव्याच हाताने मॅनेजरना चहा घ्या अशी खूण केली. वहिनी आत जाऊन रडल्या.

दादाला आता स्वतःचे कागद नीट करून घ्यायचेत. मुखत्यारपत्र द्यायला जीभ लागत नाही, समज लागते, आणि ती आहे असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. मॅडम म्हणाल्या, मी हो-नाहीचे प्रश्न विचारेन, मान हलवून उत्तरं देऊ देत, साक्षीदार समोर ठेवू. येत्या गुरुवारी त्याला कऱ्हाडहून आणतोय. जिन्याचं मी फोनवर काढलं, तर म्हणाल्या, गाडी खाली पिंपळाच्या सावलीत लावा, मी आणि नोटरी दोघं खाली येतो.